असं काही नव्हतं

रोझारिओ सरांनी अकरावं पान उलटलं आणि परत मागे घेतलं. चष्मा कपाळावर सरकवून कागद डोळ्यांजवळ नेला. "हे कुणी लिहिलंय?" त्यांनी विचारलं. रुचिराला आधी वाटलं, उतारा कुठून उचलला ते विचारतायत. तिनं संदर्भाची नावं मनातल्या मनात रांगेत उभी केली. पण सरांनी फाइलच तिच्याकडे फिरवली. टाइप केलेल्या परिच्छेदाशेजारी, समासात, निळ्या बॉलपेननं तीन शब्द लिहिलेले होते: असं काही नव्हतं. रागानं नाही, दाबून नाही. वाण्याच्या यादीत तूरडाळ लिहावी तसं. रुचिरानं ते अक्षर ओळखलं.

तिची तोंडी परीक्षा चालू होती. टेबलाच्या पलीकडे समाजशास्त्राचे रोझारिओ सर आणि मानसशास्त्राच्या एव्हलिन मिस. अंधेरीच्या त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला हे दोन्ही विषय एकत्र घेणारी नऊच मुलं होती, त्यांना सगळे 'सायको-सोशो' म्हणायचे, आणि त्यांना एक संयुक्त प्रकल्प करावा लागायचा: माणूस एक, बघायचं दोन बाजूंनी. रुचिरानं एक बाई निवडली होती. नवरा आणि दोन लहान मुली टाकून घरातून गेलेली, अकरा महिन्यांनी परत आलेली. प्रकल्पात तिचं नाव नव्हतं, नुसतं 'वि.' असं मनानं ठरवलेलं अक्षर होतं. सर पुढची पानं चाळत होते. चौदाव्या पानावर, जिथं वि.च्या नैराश्याची लक्षणं दिली होती तिथं, 'हे पण नाही'. सतराव्या पानावर, सासऱ्यांच्या धाकाबद्दल लिहिलं होतं तिथं, 'खोटं'. सरांनी तिन्ही शेरे मोठ्यानं वाचले. मिस हसल्या. मग हसता हसता त्यांनी शेवटचं पान काढलं, वि.चं संमतीपत्र, आणि त्यावरची सही समासातल्या अक्षराशेजारी धरली. दोन्हीकडचा 'व' वेगळा होता. खोलीतला पंखा एकदम मोठ्यानं वाजायला लागल्यासारखा वाटला.

"ही बाई तुझी कोण?" सरांनी विचारलं.

"आई."

"आणि सही?"

"मी केली."

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "नातेवाईक घ्यायचा नाही हा नियम होता. तो मोडलास ते एक वेळ चालवून घेऊ, प्रकल्प चांगला आहे. पण माणसाला न विचारता त्याचं आयुष्य लिहायचं आणि वर त्याची सही ठोकायची?" त्यांनी फाइल बंद केली. "सोमवारी खरी सही आण. नाहीतर मी हे वर पाठवतो. एम.ए.च्या मुलाखतीला माझं शिफारसपत्र लावलंयस तू, लक्षात आहे ना?" एव्हलिन मिस म्हणाल्या, "रुचिरा, बोलून घे गं आईशी. इतकं समजून घेऊन लिहिलंयस तू. तिला बरंच वाटेल." रुचिरानं मान हलवली. समजून घेऊन, या शब्दाची तिला शिसारी आली.

वाकोल्याच्या बसमध्ये तिला खिडकी मिळाली, आणि हायवेची धूळ तोंडावर घेत ती त्या निळ्या अक्षरांवर दात खात राहिली. एरवी आई काय वाचायची? कॅलेंडरच्या मागचं भविष्य, औषधाच्या बाटलीवरची तारीख. चाळीस पानं वाचली तिनं, पेन घेऊन, आणि मग फाइल होती तशी मिटून टेबलावर ठेवली. तोंडानं एक शब्द नाही. हे तिचं जुनंच होतं. गेली तेव्हाही शब्द नव्हता. रुचिरा नऊ वर्षांची होती, जुलै महिना होता, शाळेतून आली तर खिळ्याला चावी लटकत होती आणि धाकटी रेवती शेजारच्या वहिनींकडे चमच्यानं भात खात होती. संध्याकाळी पप्पा आले, त्यांनी चावी बघितली आणि खिळ्यावरून काढून खिशात टाकली. आजोबांनी रेडिओ बंद केला. त्या घरात त्या दिवशी एवढंच झालं. मग विचारणाऱ्यांना सांगायचं ठरलं की आई माहेरी देवगडला गेलीय, आजी आजारी आहे. आजी दोन वर्षांपूर्वीच वारली होती आणि हे चाळीत सगळ्यांना माहीत होतं, तरी सगळे विचारायचे, आणि रुचिरा सगळ्यांना सांगायची, अगदी डोळ्याला डोळा भिडवून. वेण्या घालायला ती आरशासमोर उभी राहून आपली आपण शिकली. रेवतीला आंघोळ घालताना साबण डोळ्यांत गेला की रेवती 'आई' म्हणून भोकाड पसरायची, आणि रुचिरा तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणायची, आई नाही, मी आहे. पुढच्या जूनमध्ये ती एक दिवस दुपारी घरी आली तर आई मोरीपाशी बसून बांगडे साफ करत होती. मान वर करून म्हणाली, "हात धू." संध्याकाळी पप्पा आले, दारात थबकले, चपला काढल्या आणि म्हणाले, "चाय टाक." संपलं. माफी नाही, भांडण नाही, रडणं नाही. त्या दिवसापासून रुचिरा तिच्यावर नजर ठेवून होती.

मानसशास्त्र तिनं घेतलं ते ह्या बाईला पकडायला, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी लायब्ररीत बसून नैराश्याचं प्रकरण वाचलं तेव्हा एकेक लक्षण जुळत गेलं, आणि आनंद होण्याऐवजी तिला कुणीतरी लुबाडल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं अंगाशी धरून ठेवलेला राग त्या पुस्तकानं काढून घेतला होता. आजारी माणसावर कसं रागावणार? मग समाजशास्त्र होतं. रोझारिओ सरांनी एकदा फळ्यावर एका खोलीचं घर काढलं, सहा माणसं, मोरी, स्टोव्ह, कोण कुठं झोपतं, पहाटे आधी कोण उठतं. म्हणाले, आता या घरातली सून शोधा, ती कुठंच बसलेली दिसणार नाही. मुलांनी माना डोलावल्या. रुचिराला उठून ते चित्र डस्टरनं पुसावंसं वाटलं होतं. एका विषयानं आईचा अर्धा गुन्हा आजाराच्या नावावर टाकला, दुसऱ्यानं उरलेला गिरण्या, चाळ, लग्नसंस्था यांच्यात वाटून टाकला, आणि जिनं हे केलं ती बाई कुठं उरलीच नाही. तरी तिनं प्रकल्प लिहिला, तसाच लिहिला, कारण असंच लिहिलेलं त्यांना आवडतं. वि. या अक्षराला चाळीस पानं तिनं माफ केलं. लिहिताना तिच्या जबड्याला रग लागायची.

चाळ पाडून बांधलेल्या एसआरएच्या बिल्डिंगमध्ये सहाव्या मजल्यावर दार उघडंच होतं. आई शनिवारी लवकर सुटायची. एका एक्स-रे सेंटरच्या काउंटरवर ती बसायची. नाव, वय, कुठला भाग, हे दिवसभर विचारायची. आत्ता ती जमिनीवर पेपर पसरून सुका जवळा निवडत होती. रेवती क्लासला गेली होती, पप्पा देवनारच्या वर्कशॉपमध्ये. रुचिरानं फाइल त्या पेपरच्या कडेला टाकली.

"कधी वाचलंस?"

"मंगळवारी रात्री. तू झोपलेलीस."

"सरांसमोर इज्जत गेली माझी."

"तुझी?" आई म्हणाली. तिनं जवळ्यातली एक काडी काढून बाजूला ठेवली. "आणि ती सही? माझं नाव लिहायला शिकवलं नाय काय तुला शाळेत?"

"खरी सही पाहिजे. सोमवारी. नाहीतर नापास करतील."

"खोट्या कागदावर खरी सही? मी नाय करणार."

"मग खरं काय ते सांग!" रुचिराचा आवाज एकदम चढला आणि स्वतःलाच अनोळखी वाटला. "अकरा वर्षं झाली. सांग ना. पेन आहे माझ्याकडे."

आईनं तिच्याकडे बघितलं. मग हात पदराला पुसले आणि काउंटरवर बसते तशी ताठ बसली. "विचार," ती म्हणाली. "एकेक विचार. मुलाखत घेतात तशी."

रुचिरा तिच्यासमोर बसली. पॅड मांडीवर घेतलं. जवळ्याचा वास नाकात जात होता. "आजोबा," ती म्हणाली.

"तुझ्या आजोबांनी मला कधी अर्ध्या शब्दानं दुखवलं नाय. माशाचा मधला तुकडा माझ्या ताटात वाढायला लावायचे. गिरणी बंद पडली तेव्हा घरात दाणा नव्हता, तरी कुणावर हात नाय उगारला त्या माणसानं. त्यांना तू राक्षस करून ठेवलंस. मेलेल्या माणसाला."

"पप्पा?"

"त्याला डास मारता येत नाय."

"मग तू आजारी होतीस. आपलं आपल्याला कळत नसतं. झोप लागत नाही, कशात मन—"

"मुलुंडला गेले ना, ल्युसीच्या खोलीवर, माझी शाळेतली मैत्रीण, नर्स होती ती, तर पहिल्यांदा दहा तास सलग झोपले. उठले ती गच्चीवर गेले. मागे डोंगर दिसायचा. एका बेकरीत पॅकिंगला लागले. येताना भजी घ्यायचे आणि एकटीनं खायचे, कुणाला न देता." ती थांबली, शब्द शोधल्यासारखी. "मजा आली मला, रुचिरा. आजारी माणसाला मजा येते?"

रुचिरा लिहीत होती. अक्षर वेडंवाकडं पडत होतं. "परत का आलीस?"

"ल्युसी मस्कतला गेली. खोली सुटली. दुसरीकडे कुठं जाणार?"

"म्हणून आलीस?"

"म्हणून."

खाली कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं, ती लागत नव्हती. एव्हलिन मिस सांगायच्या की मुलाखतीत पुढचा प्रश्न घाईनं विचारायचा नाही, गप्प बसायचं, माणूस आपण होऊन बोलतो. रुचिराला गप्प बसणं जमलं नाही. "आमची आठवण नाही आली?"

"रेवतीची यायची. काम करता करता मध्येच तिच्या अंगाचा वास यायचा." आईनं पुन्हा जवळ्यात बोटं घातली. "तुझी नाय."

"का?" का असं कधी विचारायचं नसतं, हेही मिसनीच शिकवलं होतं.

"तू बघायचीस माझ्याकडे. बोलता येत नव्हतं तेव्हापासून. पोळी करपली की मी पहिली तुझ्याकडे बघायचे, हिनं बघितलं काय. स्वतःच्या पोटच्या पोरीला भ्यायचे मी. कुणाला सांगणार? हसले असते लोक. सासू छळते, नवरा मारतो, सगळ्याला लोक हो म्हणतात. हे कुठं बसतं?" तिनं मान वर केली. "आत्ता बघतेयस ना, अशीच."

रुचिरानं नजर पॅडवर टाकली. तिला वाटलं होतं की हे ऐकल्यावर काहीतरी फुटेल. तसं झालं नाही. उलट आत काहीतरी गारेगार, टणक, जागच्या जागी बसलं. इतकी वर्षं तिला हेच हवं होतं: कारण नाही, आजार नाही, समाज नाही, एक बाई, आणि तिला आपण न आवडणं. राग आता पुन्हा तिचा होता, कुणी काढून घेऊ शकणार नव्हतं. ती मान खाली घालून शेवटचं वाक्य लिहीत राहिली.

"वाच," आई म्हणाली.

तिनं वाचलं. आईनं एकाच ठिकाणी थांबवलं. "भीती वाटायची असं नाय म्हटलं मी. भ्यायचे, असं म्हटलं." रुचिरानं खोडून दुरुस्त केलं. मग आईनं पेन घेतलं आणि पानाच्या खाली, शाळेतल्या मुलीसारखी जीभ दातांत धरून, पूर्ण नाव लिहिलं: वनमाला चंद्रप्रकाश तोरसकर.

सोमवारी स्टाफरूममध्ये रोझारिओ सरांनी ती नवी सहा पानं उभ्यानंच वाचली आणि एव्हलिन मिसकडे दिली. वर्षभर या दोघांचं कधी एकमत झालेलं रुचिरानं पाहिलं नव्हतं. एकानं माणूस म्हटलं की दुसरा समाज म्हणायचा. आज ते झालं. "हा बचाव आहे गं," मिस हळुवारपणे म्हणाल्या. "अपराधाची भावना इतकी मोठी आहे की ती स्वतःला वाईट ठरवून मोकळी होतेय." "आणि मजा आली म्हणते ती कशाची?" सर म्हणाले. "मोकळेपणाची. म्हणजे कोंडमारा होता. तिला तो शब्द माहीत नाही, तुला आहे. लिही ना. एक परिच्छेद घाल निष्कर्षाचा, इथंच बसून. सही खरी आहे, मी प्रकल्प पास करतो." त्यांनी स्वतःचं पेन तिच्यासमोर ठेवलं.

रुचिरानं पेनकडे बघितलं. एक परिच्छेद तिला पाच मिनिटांचं काम होतं. असे परिच्छेद ती बसमध्ये उभ्याउभ्या रचायची. या दोघांच्या चेहऱ्यावरची ती ओलसर समजूत, तिची घडी, तिचा मऊपणा, रुचिराला सहन होईना. तिला आई दिसली, जवळ्यातली काडी काढून बाजूला ठेवणारी. "ती म्हणाली तसंच आहे, सर," ती म्हणाली.

"रिस्पाँडंट म्हणेल ती माहिती. तिच्यातून तू काय काढलंस?"

"काही नाही काढलं."

"अगं, कुठलीच आई उगाच पोरं टाकून जात नाही. कारण असतं."

"आहे ना कारण. तिला मी आवडत नव्हते."

"याला कारण नाही म्हणत."

"मग तुमच्याकडे यासाठी शब्द नाही, सर. तिच्याकडे आहे." एवढं बोलून ती स्वतःच दचकली. जिचा तिला इतका राग होता त्या बाईला ती वाचवत होती, आणि तेही कशापासून, तर माफीपासून. सरांचा चेहरा बंद झाला. त्यांनी पेन उचलून खिशाला लावलं. प्रकल्प अपूर्ण असा शेरा पडला, ऑक्टोबरमध्ये नव्यानं करायचा, नव्या माणसावर. शिफारसपत्र मागे घेत असल्याचं सरांनी सांगितलं, तेही सौजन्यानं. जिना उतरताना रुचिराला हलकं वाटत नव्हतं, मोठं वाटत नव्हतं. सगळ्या जगाला शिंगावर घ्यावंसं वाटत होतं, आणि त्या जगात बॅगा सांभाळत जिना चढणारी मुलंही होती, ज्यांनी तिचं काही केलं नव्हतं.

घरी जेवायला बसल्यावर पप्पांनी विचारलं आणि तिनं सांगून टाकलं. पप्पांनी मान हलवली आणि आमटीत भात कालवत राहिले. रेवतीनं मात्र घास खाली ठेवला. ती पंधरा वर्षांची होती, तिला प्रत्येक गोष्ट मुळापासून लागायची. "पण तायडे, कुणाची केस होती ती?"

पप्पांचा हात ताटात थांबला.

"माझी," आई म्हणाली.

"तुझी? तू काय केलंस?"

रुचिरानं आईकडे बघितलं. सांग, तिनं मनात म्हटलं, मला सांगितलंस तसंच सांग हिला. आईनं आमटीचा डाव भांड्यात ठेवला. "तू चार वर्षांची होतीस तेव्हा मी देवगडला नव्हते. मुलुंडला होते. घर सोडून गेले होते."

रेवतीचे डोळे आधी मोठे झाले आणि मग भरले. "आम्हाला सोडून? का?"

"बरं नव्हतं मला," आई म्हणाली. तिचा आवाज रुचिरानं कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता. "डोकं ठिकाणावर नव्हतं. पण सोडून नाय गं. दर शनिवारी यायचे मी. शाळेसमोर उसाच्या रसाची गाडी होती, तिच्या मागे उभी राहायचे. शाळा सुटली की तू बाहेर यायचीस. दोन वेण्या, लाल रिबिनी, एक रिबीन नेहमी सुटलेली. तू वळून कोपऱ्यापर्यंत गेलीस की मी परत जायचे. रडत रडत."

रेवती उठली आणि उष्ट्या हातानंच तिनं आईच्या गळ्याला मिठी मारली. पप्पा ताटात बघत होते. खोटं, रुचिरानं मनात म्हटलं. रेवती त्या वर्षी शाळेत जातच नव्हती. ती दिवसभर शेजारच्या वहिनींकडे असायची. तिचं नाव शाळेत घातलं ते आईनंच, परत आल्यावर. एका वाक्यात हे उघडं पाडता आलं असतं. ते वाक्य तिच्या तोंडाशी आलं, आणि तिथंच अडलं. शाळेसमोर रसाची गाडी होती. आई गेल्यानंतर लागली, त्या एकाच वर्षी होती. मे महिन्यात गटारासाठी रस्ता खणला आणि गाडी गेली, परत कधी लागली नाही. आई जूनमध्ये आली. घरात त्या गाडीबद्दल कुणी कधी बोललं नव्हतं. आणि त्या शाळेत त्या वर्षी या घरातली एकच मुलगी जात होती, जिला आपली आपण घातलेली वेणी नीट बांधता येत नव्हती.

आई रेवतीच्या पाठीवरून हात फिरवत होती. तिच्या खांद्यावरून ती रुचिराकडे बघत नव्हती. भिंतीकडे बघत होती, अगदी लक्ष देऊन.

"शनिवारी कितीला सुटायची शाळा?" रुचिरानं विचारलं.

आईनं मान वळवली नाही. "साडेअकराला," ती म्हणाली.

साडेअकरालाच सुटायची. रुचिरा ताटावरून उठली, मोरीत हात धुतला आणि नळ तसाच वाहता ठेवून उभी राहिली. आईचा तिला इतका राग आजवर कधी आला नव्हता.